आत्या, फोटोखाली काय लिहू?

आत्या, फ्लेक्सवाल्याचा सकाळपासून तिसरा फोन येऊन गेला. तुमचा फोटो त्यानं मोठा केला, बाजूनं निळी चौकट टाकली, 'कालकथित धुरपताबाई' एवढं नावही बसवलं. अडलंय ते नावाखालच्या ओळीवर. परवा तुमचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. मुदखेडच्या विहारासमोर मांडव पडेल, धर्माबादपासून नांदेडपर्यंतचा सगळा गोतावळा येईल आणि मांडवाच्या तोंडाशी तुम्ही आठ फूट उंच उभ्या असाल. फ्लेक्सवाला म्हणतो, "वहिनी, 'प्रेमळ माता' टाकून देतो. सगळे तेच टाकतात." मी म्हणाले, थांब जरा.

प्रेमळ! तुम्ही! लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यात माझ्या भाकरीकडं बघून तुम्ही म्हणाला होतात, "ही खायची हाय का उंबऱ्याला बसवायची?" आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात म्हणून मीही म्हणायला लागले, नाहीतर त्या दिवशी माझ्या तोंडात वेगळेच शब्द आले होते. तुम्ही प्रेमळ वगैरे नव्हतात. जे होतात ते मला त्या ओळीत लिहायचंय, आणि नेमकं तेच लिहायला घरात कुणी तयार नाही.

मला लिहायचंय, 'ज्युदो प्रशिक्षक'.

काल मिलिंदला सांगितलं. तुमचा लेक पंक्चर काढत होता, त्याच्या हातातली ट्यूब तशीच राहिली. म्हणाला, "लोक हसतील गं. माय आपली बांधकामावर बिगारी. तिनं जन्मात कधी मॅटवर पाय ठेवला न्हाई." हे खरंच आहे. शिवाय दुसरी अडचण याहून मोठी आहे. लातूरचे माझे ज्युदोचे सर कार्यक्रमाला येणार आहेत. चार वर्षांपूर्वी राज्य स्पर्धा जिंकल्यावर माइक हातात आला, तेव्हा मी माझा कोच म्हणून त्यांचं नाव घेतलं होतं. तुमचं घेतलं नव्हतं. आता तुमच्या फोटोखाली 'प्रशिक्षक' लिहिलं तर सरांना काय वाटेल, आणि नाही लिहिलं तर मी दुसऱ्यांदा तीच चूक करणार. एकदा गेलेलं माणूस तिसरी संधी देत नाही. म्हणून आज वही घेऊन तुमच्याशीच बोलायला बसलेय.

तुम्हाला आठवतं का, हे सगळं गॅसच्या सिलिंडरवरून सुरू झालं? माझी लेक आर्या दहा महिन्यांची होती. लातूरला कॉलेजात असताना मी पाच वर्षं ज्युदो खेळले, दोनदा राज्य स्पर्धेत दुसरी आले, आणि मग लग्न, बाळंतपण आणि बाकीचं. पहिलं येण्याची हौस मात्र पोटात तशीच राहिली होती. मुदखेडला कुठली आलीय व्यायामशाळा! त्या दिवशी तुम्ही बाजारात गेल्या आहात असं समजून मी अंगणात रिकामा सिलिंडर खांद्यावर घेऊन उठाबशा काढत होते. तुम्ही फाटकातूनच ओरडलात, "आगं ये बाई! ठिव ते खाली! घर उडवतीस का काय?"

मी ठेवला. म्हटलं, रिकामा आहे.

"रिकामा आसू दे न्हाई तर भरलेला. काय करून राहिलीस तू?"

मग मी सगळं सांगितलं. राज्य स्पर्धा, पहिला नंबर, हातातली गेलेली ताकद. सांगता सांगता रडले, कारण मला रडू फार लवकर येतं आणि त्याचा मला राग येतो. तुम्ही भाजीची पिशवी खाली ठेवलीत. वाटलं आता ऐकायला मिळणार, लेकरावालीला ही कसली थेरं. तुम्ही म्हणालात, "मंजी तुला वजन पायजे."

"हो."

"येडी हायस. चाळीस वर्सं मी दुसरं काय उचललं? मला इचारायचं की."

तिथून पुढचे चौदा महिने मी तुमच्या हाताखाली काढले, आत्या.

पहिलं काम तुम्ही केलंत ते डब्यांचं. भजेवाल्याकडून तेलाचे रिकामे डबे आणलेत, शेजारच्या बांधकामावरून उरलेली वाळू आणि खडी मागून घेतलीत, सिमेंटचं अर्धं पोतं कुठून तरी पैदा केलंत. एक सिमेंट, दोन वाळू, चार खडी. मी फावडं हातात घेतलं तर हिसकावून घेतलंत. "पानी जास्ती झालं की माल मरतोय. तू लेकराला घे." जुन्या नळाच्या पाईपाच्या दोन्ही टोकांना खिळे ठोकलेत, त्यांना तार गुंडाळलीत, म्हणजे सिमेंटमधून पाईप सुटू नये. मग एक टोक डब्यात उभं केलंत आणि माल ओतलात. ते घट्ट झाल्यावर दुसऱ्या दिवशी उलटं करून दुसरं टोक. डब्यांचा पत्रा कापून काढला तेव्हा अंगणात एक वेट-लिफ्टिंगचा बार उभा होता. मी नाचले. तुम्ही त्यावर ओलं गोणपाट टाकलंत आणि सांगितलंत, एकवीस दिवस याला हात लावायचा नाही. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं.

मला कुठला दम? पाचव्या दिवशी तुम्ही दळणाला गेलात आणि मी बार उचलला. छातीपर्यंत आला, आणि एका बाजूचा सिमेंटचा गोळा दुभंगून माझ्या पायाच्या बोटापासून वीतभर अंतरावर पडला. तुम्ही आलात, गोळ्याकडं पाहिलंत, माझ्या पायाकडं पाहिलंत, आणि हातातलं दळण खाली न ठेवता मला अशा शिव्या दिल्यात की शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. संध्याकाळी मात्र नवा माल कालवताना शांतपणे म्हणालात, "बाळंतिनीचं आंग बी आसंच आसतंय. वरून सुकलेलं दिसतं, आतून वलं आसतं. तुझी बी घाई हाय ना? तू बी जरा पानी पी, दूध पी, दम धर. मंग उचल." कॉलेजात मला आहाराची पुस्तकं होती, तक्ते होते. बाळंतपणानंतर शरीराला वेळ द्यावा, हे कुठल्याच तक्त्यात इतकं सोपं लिहिलेलं नव्हतं. त्या एकवीस दिवसांत मी फक्त चालले आणि खाल्लं.

मिलिंदच्या दुकानातल्या फाटक्या ट्यूबा तुम्ही लिंबाला बांधल्यात. ज्युदोत समोरच्याचा ड्रेस धरून ओढायचा असतो, हे मी तुम्हाला समजावलं तर तुम्ही माझ्या जुन्या ड्रेसच्या बाह्या कापून ट्यूबांच्या टोकाला शिवून टाकल्यात. मला भडकायचं होतं, तो ड्रेस माझा कॉलेजचा होता. पण बाह्या धरून ट्यूब ओढली आणि लक्षात आलं, पकड अगदी खऱ्यासारखी. लोंबकळायला फांदीवरून जुनं लुगडं पीळ घालून सोडलंत. बादल्यांत ओली वाळू भरून मला विहारापर्यंत चालायला लावलंत. आणि वजन उचलताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचात, "कंबर कामून वाकवून राहिलीस? मांड्यांनी उचल. कंबरेनं उचलनाऱ्या बाया चाळिशीतच काठी घेतेत." मला हे शिकवायला कॉलेजात वर्ष गेलं असेल. तुम्ही घमेलं डोक्यावर घेऊन एकदा शिडीच्या पायऱ्या चढून दाखवल्यात, साठी उलटलेली असताना, आणि मला ते पटलं.

आता मिरचीच्या पोत्याचं काढायलाच हवं. तुम्ही असताना ह्या विषयावर हसायची सोय नव्हती. फेकण्याचा सराव करायला माणूस लागतो, आणि मुदखेडात मला फेकू देणारं कोण होतं? तुमच्या सांगण्यावरून मिलिंदनं एकदा धाडस केलं आणि तीन दिवस मान वाकडी करून दुकानात बसला. मग तुम्ही म्हणालात, पोतं करू. धर्माबादला तुमच्या माहेरून एक चांगलं जाड पोतं आलं होतं. तुम्ही ते दोनदा झटकलंत, वास घेतलात, "साफ हाय" म्हणालात. आत वाळूच्या पिशव्या, ट्यूबांचे तुकडे, गोधडीच्या चिंध्या भरून तोंड शिवून टाकलंत. मी पोत्याला कवेत घेतलं, गाल त्याला घट्ट लावला, वळले आणि खांद्यावरून आपटलं.

आत्या, ते वाळल्या मिरचीचं पोतं होतं. लाल धुराळा उठला. माझे डोळे, नाक, गळा सगळं पेटलं. बाजेवर बसलेला मिलिंद शिंकत शिंकत रस्त्यापर्यंत पळाला. पलीकडच्या दोन घरांतून बायका पदर नाकाला लावून बाहेर आल्या. आणि तुम्ही मधोमध उभ्या, डोळ्यांत टिपूस नाही, आणि विचारताय, "काय झालं गं? कुनाला काय होऊन राहिलंय?" लहानपणापासून धर्माबादच्या बाजारात मिरचीचे देठ खुडून तुमचं नाक मिरचीला इतकं सरावलं होतं की तुम्हाला तो वास म्हणजे वासच नव्हता. मला दुधानं डोळे धुवावे लागले. तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात, "येवढी काय तिखट नव्हती." नव्हती तर नव्हती. माझे डोळे दोन दिवस सुजलेले होते.

पोतं चार वेळा धुतलंत, आठवडाभर उन्हात टाकलंत, आणि तरीही मी जवळ जाईना म्हटल्यावर आपलं एक जुनं हिरवं लुगडं काढून त्याला नेसवलंत. मग भंगारवाल्याच्या काट्यावर आधी स्वतः उभ्या राहिलात. बावन्न किलो. मग पोतं ठेवलंत आणि त्यात वाळू घालत गेलात, काटा बावन्नवर येईपर्यंत. माझा गटही तोच होता, बावन्नच्या आतला. पोतं अंगणात आणून उभं केलंत आणि हात कमरेवर ठेवून म्हणालात, "घे. आता मला फेक. सासूला आपटायची हौस कुन्या सुनंला नसती?"

ती बातमी वस्तीभर गेली. धुरपताची सून धुरपताला लुगड्यासकट आपटून राहिली! सकाळी सकाळी बायका बघायला यायच्या. तुम्ही बाजेवर आर्याला मांडीत घेऊन बसायचात आणि प्रत्येक फेकीला नावं ठेवायचात. "ही काय फेकली? ही तर ठिवली. तुझ्या मायच्या घरी सासूला इतकं हळू ठिवतेत व्हय?" बायका हसायच्या, मला राग यायचा, आणि पुढची फेक जोरात बसायची. हे तुम्ही मुद्दाम करत होतात हे मला तेव्हाच कळलं होतं, पण कळल्यावरही राग यायचाच.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी बोलून दाखवली नाही. बांधकामावर बाई चाळीस वर्षं राबली तरी ती बिगारीच राहते. माल कालवून देते, घमेली वाहते, विटा झेलते. माल लिंपायची थापी पुरुषाच्या हातात असते आणि मिस्त्री तोच म्हणवतो. तुम्हाला कोणत्या मापाला किती माल लागतो हे मिस्त्रीच्या आधी कळायचं, तुमच्या सोबतीण गयाबाई मला सांगत होत्या, तरी तुम्हाला कधी कुणी थापी दिली नाही. आपल्या अंगणात तुम्ही पहिल्यांदा स्वतःच्या मापानं माल ओतलात आणि स्वतःच्या हातानं त्याचं तोंड सारखं केलंत. तो पहिला बार झाल्यावर तुम्ही त्याच्याभोवती दोनदा फिरलात. मी दारात उभी होते. तुमचं तोंड मी तसं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं.

आणि आपलं ते भांडण! बार एका बाजूनं जड आहे, असं मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते. डावा हात आधी थकायचा. तुम्ही म्हणायचात, तुझाच हात कच्चा. मी म्हणायचे, माप चुकलंय. तुम्ही म्हणायचात, "मी मापात चुकंन? मी?" मग एकदा चिडून म्हणालात, "आन आसंल जड तर आसू दे. समोरची बाई काय तुझ्या दोन्ही हातांत सारखी बसनार हाय?" चौदा महिने हा वाद चालला, नंतर चार वर्षं सणासुदीला उकरून निघाला. काल मी तोलून बघायला दोन्ही बाजू करवतीनं कापल्या नाहीत, तेवढी कठोर नाही मी. पण भंगारवाल्याकडून काटा आणला, एक टोक काट्यावर ठेवलं, दुसरं विटेवर, मग उलटं केलं. आत्या, डावी बाजू दीड किलो जड आहे. मी बरोबर होते! मी अंगणात ओरडलेच, "बघा!" आणि मग कुणाला सांगू ते कळेना. जिंकलेला वाद घेऊन मी तशीच उभी राहिले. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा तेव्हा खरी रडले.

लातूरची ती राज्य स्पर्धा आठवते ना? एसटीत तुम्ही भाकरी आणि ठेच्याचं गाठोडं मांडीवर धरून बसला होतात, आर्या खिडकीशी. हॉलमध्ये पाय ठेवला आणि माझं अवसान गळालं. बाकीच्या मुलींच्या बॅगा, ड्रेस, त्यांच्याबरोबर फिजिओ. बाजूच्या खोलीत चकचकीत वजनं रांगेत मांडलेली, प्रत्येकावर आकडा कोरलेला. तुम्ही आत जाऊन एक उचलून बघितलंत, परत ठेवलंत आणि मला म्हणालात, "लई गुळगुळीत हाय. हातातून सुटंल." मी म्हणाले, आत्या, हळू बोला. कुणी ऐकेल म्हणून मी अवघडले होते. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

तीन लढती जिंकले. अंतिम फेरीत पुण्याकडची एक मुलगी होती, माझ्याहून पाच वर्षांनी लहान, दोन वेळची विजेती. चार मिनिटांची लढत. दुसऱ्या मिनिटाला तिनं मला कुशीवर पाडलं आणि अर्धा गुण घेतला. त्यानंतर ती माझ्या डाव्या बाजूला लोंबकळत राहिली, वेळ काढत. दम लागला होता, घाम डोळ्यांत. पंचांनी लढत थांबवून आम्हाला मधे उभं केलं, तेवढ्यात गॅलरीतून तुमचा आवाज आला. पूर्ण हॉलनं ऐकला.

"सुजेऽ! पोत्याहून हलकी हाय गं ती!"

लोक हसले. त्या मुलीनंही वर पाहिलं. आणि मला खरोखर जाणवलं की हलकी आहे. पावसाळ्यात पोत्यातली वाळू ओल धरायची, ते बावन्नचं साठ व्हायचं, आणि ते मी रोज फेकलेलं. डाव्या हातावर तिचं सगळं वजन होतं आणि डावा हात थकलेला नव्हता. बाही ओढली, आत शिरले, मांड्यांनी उचललं. ती माझ्या खांद्यावरून गेली आणि पाठीवर सपाट पडली. पंचांचा हात सरळ वर गेला. पूर्ण गुण. लढत संपली. मला वर बघायचं होतं, पण डोळे भरले होते, काही दिसलं नाही. फक्त तुमचा आवाज येत होता. तुम्ही शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता, "माझी सून हाय! माझी!"

मग माइक आला. "यशाचं श्रेय कुणाला द्याल?" तुम्ही तोवर खाली येऊन कठड्याला टेकून उभ्या होता, कडेवर आर्या. मी तुमच्याकडं पाहिलं. त्या चकचकीत मुली आजूबाजूला होत्या. तेलाचे डबे, मिरचीचं पोतं, लुगडं, हे मी कसं सांगणार होते? मी म्हणाले, माझे सर आणि माझे पती. सरांनी मला कॉलेजात पाच वर्षं घडवलं हे खरं, पण त्या चौदा महिन्यांत आमचं दोनदा फोनवर बोलणं झालं होतं. सर तिथंच होते, त्यांच्या गळ्यात माळ पडली. तुम्ही आर्याचे दोन्ही हात धरून टाळ्या वाजवल्यात. परतीच्या एसटीत शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत म्हणालात, "चांगलं बोललीस. शिकवनाऱ्याचं नाव घ्यावं मानसानं." तुम्ही ते टोमण्यानं म्हणाला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही मनापासून म्हणालात.

पुढं राष्ट्रीय स्पर्धेत मी दुसऱ्याच फेरीत हरले. त्याचं मला दुःख नाही. पहिलं यायचं होतं, आले. नंतर वस्तीतल्या मुली अंगणात यायला लागल्या, आता सहा आहेत. तुम्ही त्यांच्यासाठी छोट्या डब्यांची वजनं ओतलीत, प्रत्येकीला तिच्या हाताच्या मापाची. "कंबर वाकवू नको" हे त्या तुमच्याकडूनच शिकल्या. एकीनं परवा विचारलं, आता पाणी कोण मारणार? तुमचे शेवटचे दोन डबे अजून गोणपाटाखाली आहेत, ओतून बारा दिवस झालेत. मी मारते रोज पाणी.

हे इतकं लिहून मी फोन हातात घेतला, फ्लेक्सवाल्याला सांगायला. बाहेर मिलिंदचा आवाज ऐकू आला. तोच फोनवर बोलत होता. "हाव, ज्युदो प्रशिक्षक. तेच टाक. मी तिचा लेक बोलून राहिलो ना! आन अक्षर बारीक नको, लांबून दिसलं पायजे." फोन ठेवून त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, पुन्हा ट्यूब घासायला लागला. म्हणाला, "मान माझी बी तिनंच मोडायला दिली होती की तुला."

आता कार्यक्रम झाला आत्या. राहिलेलं सांगते.

मांडवात बायका एका अंगाला बसल्या होत्या. पुढच्या ओळीत गयाबाई आणि तुमच्या बांधकामावरच्या दहा-बारा सोबतिणी, पदर नीट घेऊन. सर उशिरा आले. मी त्यांना लांबूनच पाहिलं. ते मांडवाच्या तोंडाशी थांबले. फ्लेक्स वाचला. बराच वेळ वाचत राहिले, ओळ तर एकच होती. मी जवळ गेले, "सर," एवढंच म्हणाले.

ते म्हणाले, "सुजाता, मला तेव्हाच माहीत होतं. ती पकड मी शिकवलेली नव्हती. विचारलं नाही, कारण माळ माझ्या गळ्यात पडत होती." मग त्यांनी बूट काढले, बाजूला जोडीनं ठेवले. पाय जुळवून ताठ उभे राहिले, हात मांड्यांवर घेतले आणि तुमच्या फोटोसमोर कमरेतून वाकले, मॅटवर आम्ही गुरूसमोर वाकतो तसे. भर उन्हात, धुळीत, मोज्यांवर. माझ्या सहा मुली धावत त्यांच्या मागं ओळीत उभ्या राहिल्या आणि त्याही वाकल्या.

बायकांत कुजबुज झाली. एवढा मोठा माणूस धुरपतापुढं कामून वाकून राहिला? भन्तेजींचं बोलणं झालं आणि माझी पाळी आली. मी माइक घेतला. मनात पुष्कळ जुळवून ठेवलं होतं. तेवढ्यात गयाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "सुजे, आमच्यात कुनाला वाचता येत न्हाई. तिच्या नावाखाली काय लिवलंय, ते तेवढं सांग."

मी फ्लेक्सकडं वळले आणि माइकवर वाचलं, "धुरपताबाई. ज्युदो प्रशिक्षक."

कुणी हसलं नाही. गयाबाईंनी पदर डोळ्याला लावला, खाली घेतला, आणि म्हणाल्या, "आजून एकदा वाच. जरा मोठ्यानं."

मी मोठ्यानं वाचलं.